काट्याच्या सर्व्हरचं बदली कार्ड

माझा धंदा काय होता, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ते गावात सांगायचे, "जावई काँप्युटरचे डॉक्टर आहेत." ऐकणाऱ्याच्या कानात फक्त 'डॉक्टर' एवढंच राहायचं. मी सासुरवाडीला गेलो की ओसरीवर दोन-तीन म्हातारे गुडघे चोळत बसलेले असायचे. गुडघ्यातलं मला काय कळणार? पण मीठ कमी खा म्हणून सांगितलं की ते समाधानाने उठून जायचे.

नगरला सावेडीत माझं दुकान होतं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा दुकानाच्या पाटीवर मीही बदलून घेतलं, जिभेवर मात्र अजून नगरच येतं. पतसंस्था, दवाखाने, दूध डेअऱ्या आणि साखर कारखाने यांचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. सर्व्हर म्हणजे बाकीच्या काँप्युटरांना माहिती पुरवणारा थोरला काँप्युटर. तो एसीच्या खोलीत एकटा घरघरत बसतो आणि चांगला चालला तर त्याची कुणाला आठवणही होत नाही. त्याला बाहेरच्यांशी बोलायला एक तोंड असतं, त्याला नेटवर्क कार्ड म्हणतात. तळहाताएवढी हिरवी पट्टी, मागच्या बाजूला वायर खोचायचं भोक आणि भोकाशेजारी एक बारका दिवा. हे कार्ड मेलं की सर्व्हर आतून धडधाकट असतो, सगळं त्याला आठवत असतं, पण तो मुका होतो.

अशा वेळी काय करायचं, यावरून माझी आयुष्यभर लोकांशी भांडणं झाली. आमच्या धंद्यात एक मोठी जमात आहे जिला एकच इलाज येतो: "फॉरमॅट मारा." म्हणजे सगळं पुसा आणि पहिल्यापासून नवीन भरा. पंखा वाजतो, फॉरमॅट मारा. कार्ड जळलं, फॉरमॅट मारा. घराची कडी मोडली म्हणून घर पाडून बांधायला सांगणारे हे लोक, आणि पुन्हा बिलात 'तज्ज्ञ सल्ला' असं लिहिणारे. मला त्यांचा अतोनात राग यायचा आणि अजूनही येतो.

माझ्या बाजूने बोलणारा माणूस मला एकदाच भेटला, तोही जनावरांच्या बाजारातला. घोडेगावचे एक बैलांचे व्यापारी हिशेबासाठी जुना काँप्युटर घ्यायला दुकानात आले. आल्या आल्या त्यांनी काँप्युटरला चारी बाजूंनी फेरी मारली, मागे वाकून बघितलं, पाठीवर थाप मारली. मग खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं आणि त्याखालून माझी बोटं धरून सौदा सुरू केला. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी कोणतं बोट दाबून काय कबूल केलं, ते देव जाणे. सौदा झाल्यावर मी म्हटलं, "मामा, याचं नेटवर्क कार्ड गेलंय. दुकानातला पोरगा म्हणतो सगळं नवीन भरू. मी म्हणतो नुसतं कार्ड बदलू." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बैल आहे. म्हणाले, "खुराची पत्री झिजली म्हनून बैल इकतो का कुनी? पत्री मारा की नवी." मी त्यांना चहा पाजला.

आता सांगायची ती गोष्ट दोन हंगामांपूर्वीची आहे. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याचा काट्याचा सर्व्हर माझ्याकडे होता. काटा म्हणजे वजनकाटा, ज्यावर उसाची वाहनं वजनाला चढतात. कारखान्याच्या काँप्युटर विभागाच्या प्रमुख संगीता मॅडम. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला मऊ, पण एकदा नाही म्हणाल्या की चेअरमन आले तरी नाही. दुपारी जेवायला बसलो होतो, तेव्हा त्यांचा फोन आला.

"काका, काट्याच्या केबिनमधून सर्व्हर दिसत नाहीये. सर्व्हरच्या मागून जळका वास येतोय."

"आतले दिवे चालू आहेत?"

"सगळे चालू आहेत. वायरीजवळचा तेवढा गेलाय."

"मग कार्ड गेलं. मी निघतो. मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. बंदही करायचा नाही."

त्या म्हणाल्या, "लवकर या. इथे सगळे म्हणताहेत, नवीन सर्व्हर लावा."

कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात जुनी, पण चालू कार्डं मी जपून ठेवलेली असत. घरात तो डबा भंगारात देण्यावरून दर दिवाळीला वाद व्हायचा. पण म्हाताऱ्या सिस्टिमला नव्या जातीचं कार्ड ओळखू येत नाही, तिच्या पिढीचंच लागतं. डबा डिकीत टाकला आणि निघालो. राहुरीच्या पुढे रस्त्याने जे हाल केले, ते त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको.

कारखान्याच्या फाटकाशी पोचलो तर उसाच्या वाहनांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत आलेली. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, टायरगाड्या. माणसं मोळ्यांच्या सावलीला बसलेली. आणि फाटकातच कार्ड जळण्याचं कारण उभं होतं. चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायला लोखंडी चौकट उभी करायची म्हणून कारखान्याचा वेल्डर बाळू सकाळपासून वेल्डिंग करत होता. वेल्डिंग मशिनचा अर्थिंगचा चिमटा लोखंडाला कुठेतरी लावावा लागतो. बाळूने तो हाताशी असलेल्या एका पाइपाला लावला. नेमक्या त्याच पाइपातून काट्याच्या केबिनपासून सर्व्हरपर्यंतची वायर गेली होती. करंट पाइपात, पाइपातून वायरीत आणि वायरीतून थेट कार्डात. चौकट पक्की झाली होती आणि साहेबांचा हसरा चेहरा कालच छापून आला होता.

बाळू मला बघून पुढे आला. "सायेब, मला काय म्हाईत त्यात वायर हाय म्हनून? पाइप तर पाइपच दिसतो."

त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. पाइपावर कुणी काही लिहिलं नव्हतं.

आत कार्यालयात संगीता मॅडम आणि शेतकी अधिकारी निकमसाहेब समोरासमोर उभे होते. ऊस तोडणीपासून तो गव्हाणीत पडेपर्यंतची सगळी जबाबदारी निकमसाहेबांची. गव्हाण म्हणजे कारखान्याचं तोंड, जिथे ऊस ओतला जातो. गव्हाण रिकामी राहिली की मिल थांबते, आणि मिल थांबली की निकमसाहेबांचा फोन थांबत नाही. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी कपाळावरची शीर उडत होती.

"तुम्हीच सांगा यांना," ते मला म्हणाले. "नवीन सर्व्हर पेटीत पडलाय. पुण्याच्या कंपनीवाल्याशी बोललोय. तो म्हणतो जुना सोडा, नव्यावर सगळं नवीन टाका. पहाटेपर्यंतच्या पुऱ्या झालेल्या खेपांचा हिशेब आहे आपल्याकडे. पुढचं आज हाताने लिहू."

"हाताने नाही," संगीता मॅडम म्हणाल्या.

त्या दोघांत नेमकं काय अडलं होतं, हे समजायला काट्याची पद्धत सांगावी लागेल. ऊस घेऊन वाहन काट्यावर येतं, त्याचं भरलेलं वजन होतं. मग ते गव्हाणीकडे जातं, ऊस खाली होतो आणि परतताना रिकामं वाहन पुन्हा काट्यावर चढतं. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की राहिला तो तुमचा ऊस. या दोन वजनांच्या मधे ऊस कारखान्याच्या पोटात गेलेला असतो. तो परत मागता येत नाही. त्या वेळी तो ऊस होता याचा पुरावा एकच, सर्व्हरमधलं भरलेलं वजन.

पूर्वी हे वजन हाताने पावतीवर लिहायचे. त्यावरून किती बोलाचाली झाल्या, ते या भागातल्या माणसाला ठाऊक आहे. संगीता मॅडमनी भांडून काट्याचं वजन सरळ सर्व्हरमध्ये नेलं. मधे माणसाचा हात नको म्हणून सर्व्हरपुढे बसून कुणालाही वजन बघता येणार नाही आणि बदलता येणार नाही, असं कुलूपही प्रोग्रॅम बनवणाऱ्याकडून घालून घेतलं. वजन वाचायची खिडकी फक्त काट्याच्या केबिनमध्ये. यार्डात ट्रॅक्टरवर उभं राहून त्यांनी शेतकऱ्यांना आणि तोडणीवाल्यांना सांगितलं होतं, "यापुढे या काट्यावर हाताने लिहिलेलं वजन दिसलं तर मला येऊन विचारा." मी त्या सभेला नव्हतो. पण त्यांचं ते वाक्य यार्डात प्रत्येकाला पाठ होतं.

आणि आता कार्ड जळलं तेव्हा चार-पाच वाहनं दोन वजनांच्या मधे सापडली होती. ऊस खाली झालेला, रिकामं वजन बाकी. बाकीच्यांना निकमसाहेबांनी अंदाजाची पावती लिहून देऊन वाटेला लावलं. एक वाहन मात्र हलत नव्हतं.

ते पाथर्डीकडच्या सरूबाईचं आणि तिचा नवरा भीमा याचं. लहान ट्रॅक्टरला जोडलेली गाडी, जिला यार्डात जुगाड म्हणतात. दोघं नवरा-बायको मिळून तोडायचे, भरायचे आणि आणून टाकायचे, मजुरी वजनावर. मी यार्डात जाऊन बघितलं, तर सरूबाई रिकाम्या गाडीच्या साट्यावर पाय सोडून बसली होती, ट्रॅक्टरची किल्ली तिच्या मुठीत. भीमा खाली उभा राहून तिची समजूत घालत होता.

"अगं, सायेब जास्तच लिवून देत्यात. ह्या हंगामातली आपली सगळ्यात भारी खेप हुती ना, तेवढं लिवतो म्हनले. घे की."

"आज जास्त लिवतील, उद्या कमी लिवतील," सरूबाई म्हणाली. "हात त्येंचाच हाय."

भीमा माझ्याकडे वळून म्हणाला, "सकाळी काट्यावर आकडा दिसला हुता वो, पन कोन ध्यानात ठिवतंय." ठेवला असता तरी उपयोग नव्हता, काट्याला तोंडी आकडा चालत नाही.

मला एवढं बघूनच काम कळलं. नवीन सर्व्हर लावला तर बाकी सगळं उद्यापर्यंत सुरळीत झालं असतं. फक्त पहाटेनंतरची वजनं गेली असती, आणि त्यात या बाईचा ऊस गेला असता. ज्या बाईने मॅडमचा शब्द खरा मानला, तिचाच.

"मॅडम, मला सर्व्हर बंद करून कार्ड बदलावं लागेल," मी आत येऊन म्हटलं. "म्हातारा आहे. हंगाम सुरू झाल्यापासून एकदाही बंद झालेला नाही. पुन्हा उठेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"उठेल."

"मग करा. पण सरूबाईंसमोर करा." आणि त्या बाहेर जाऊन सरूबाईला बोलावून घेऊन आल्या.

खरं सांगतो, मला ते अजिबात आवडलं नाही. ऑपरेशन करताना पेशंटचे नातेवाईक कुणी आत घेतं का? मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, बंद दाराआड वजन दुरुस्त झालं असं उद्या कुणी म्हणायला नको."

सरूबाई चपला दाराबाहेर काढून आत आली. एसीच्या गारठ्याने तिने पदर अंगाभोवती घट्ट ओढला. "जळकं काय तरी हाय," ती म्हणाली. मग त्या काळ्या पेटीकडे बघत विचारलं, "आमचं वजन ह्याच्यातच हाय का?"

"याच्यातच आहे, ताई."

"मंग त्येला उघडू नका की, भाऊ. सांडंल."

मी हसलो नाही. हसावंसं वाटलंच नाही, कारण मलाही तीच भीती होती. मी झाकण काढलं आणि तिला बोटाने दाखवलं, "हे बघा, तुमचं वजन या खालच्या डब्यात आहे. जळलं ते वर, इथं. माझा हात वरच्या वर राहणार."

"ऱ्हाऊ द्या वरच," ती म्हणाली आणि तो खालचा डबा नीट दिसेल अशी भिंतीला टेकून खाली बसली. नंतर सगळा वेळ तिने माझ्या हातावरची नजर काढली नाही. मी बँकांमध्ये कामं केली आहेत, तिथे माझ्यावर कॅमेरे रोखलेले असायचे. एवढा पहारा माझ्यावर कधी झाला नव्हता.

आधी सगळ्याची एक प्रत घेऊन ठेवली. ती घेतली तरी त्यातली वजनं वाचता येणार नव्हती, कारण कुलूप. ज्याने कुलूप घातलं तो माणूस कंपनी बंद करून परदेशात मुलाकडे गेला होता. पण हाताशी प्रत न ठेवता काम करायची मला सवय नाही. मग सर्व्हर बंद केला. घरघर थांबली आणि खोलीत एकदम शांतता झाली. जळकं कार्ड बाहेर काढलं, त्यावर एक काळा फोड आला होता. बिस्किटाच्या डब्यातलं त्याच पिढीचं कार्ड निवडून खाचेत बसवलं, झाकण न लावताच बटण दाबलं.

काही वेळ काहीच झालं नाही. मग पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं यायला लागली, एकेक करत सावकाश. म्हातारा आपले सगळे अवयव तपासून बघत होता. शेवटी तो उठला. कार्डाचा दिवा हिरवा झाला. मी संगीता मॅडमकडे विजयी मुद्रेने बघितलं आणि काट्याच्या केबिनमध्ये फोन लावला. तिथले क्लार्क पंडितराव म्हणाले, "नाही हो साहेब. तसंच आहे."

मला ते आधीच सुचायला हवं होतं. पेशंटच्या नातेवाइकापुढे मान खाली जायची ती गेलीच.

इथे खरी गंमत आहे, आणि इथेच फॉरमॅटवाले हार मानतात. प्रत्येक कार्डावर बनवतानाच एक नंबर कोरलेला असतो. सिस्टिम पहिल्यांदा कार्डाला भेटली की तो नंबर लक्षात ठेवते आणि त्याला एक जागा देते. ते कार्ड जळून गेलं तरी त्याची जागा ती कुणाला देत नाही. नवीन कार्ड आलं की त्याला म्हणते, तू वेगळा, तुझी जागा दुसरी. आणि केबिनशी कसं बोलायचं, कुठल्या पत्त्यावर, ही सगळी कामं पहिल्या जागेच्या नावाने लिहिलेली. नवं कार्ड दिवा लावून तयार बसतं, पण त्याला कुणी कामच सांगत नाही.

हे मी मॅडमना सांगत होतो. सरूबाई मधेच म्हणाली, "आमाला कळंल आसं सांगा."

मॅडमच तिच्याकडे वळल्या. "कारखान्यात बदली कामगार असतो ना ताई, तसं झालंय. कायमचा माणूस गेला, बदली माणूस आला. पण हजेरीच्या मस्टरवर जुन्याचंच नाव आहे. म्हणून याला कुणी काम देत नाही."

"मंग जुन्याचं नाव खोडा."

"तेच करतोय," मी म्हटलं.

सिस्टिमने जिथे जुन्याची जागा राखून ठेवली होती, तिथे गेलो. जुन्याची ओळ काढली, नव्याला त्याच जागेवर बसवलं, सर्व्हर पुन्हा चालू केला. पुन्हा तीच वाट बघणं. दिवा हिरवा. आता जागाही पहिली मिळाली होती, पडद्यावर तसं दिसत होतं. पंडितरावांना फोन केला.

"नाही साहेब. काहीच नाही."

दारात निकमसाहेब येऊन उभे होते. बाहेर रांगेतले ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायला लागले होते. उन्हं कलली होती.

"झालं ना?" निकमसाहेब म्हणाले. "प्रयत्न केलात, आभारी आहे. आता मी नवीन लावतो. मला मिल थांबवता येत नाही."

"लावा साहेब," संगीता मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण तुमचा ऊस आमच्याकडून हरवला, असं यांना आधी तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

निकमसाहेबांनी सरूबाईकडे बघितलं. ती खाली बसून त्यांच्याकडेच बघत होती, रागाने नाही, नुसतीच. साहेब "बाई, तुमचा ऊस..." एवढंच म्हणाले. मग चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "अजून एकदा बघा. एकदाच." हे वाक्य बोलायला त्या माणसाला किती जड गेलं असेल, याची मला कल्पना आहे. बाहेरचे हॉर्न त्यांच्याच नावाने वाजत होते.

पण एकदा काय बघायचं, तेच मला सुचेना. जागा बरोबर, दिवा बरोबर, वायर बरोबर. संगीता मॅडम माझ्या खांद्यामागून पडदा बघत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "काका, आमच्याकडे टाइम ऑफिसने बदली माणूस मस्टरवर घेतला तरी गेटवरचा वॉचमन त्याला अडवतोच. त्याच्याकडे जुन्या माणसाचा बिल्ला नंबर असतो. गेटला वेगळं कळवावं लागतं. इथे तसं काही गेट आहे का?"

होतं. अगदी तसंच होतं. जागेची व्यवस्था एकीकडे आणि त्या जागेच्या पत्त्याची व्यवस्था दुसरीकडे, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या. पत्त्याच्या ठिकाणीही जुन्या कार्डाचा नंबर टाकलेला असतो, की याच नंबरचा आला तर पत्ता द्या, दुसरा आला तर देऊ नका. आयुष्यभर हे काम केलेला मी, तिथवर पोचायला विसरलो होतो. मी खुर्चीतून जवळजवळ उडीच मारली. "मॅडम, तुम्ही या धंद्यात यायला हवं होतं," असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी याच धंद्यात आहे, काका."

गेटवरचा जुना नंबर काढला, नव्याचा टाकला. या वेळी सर्व्हर बंद करावा लागला नाही, नुसतं कार्ड जागं केलं. पडद्यावर केबिनकडून उत्तरं यायला लागली, एकाखाली एक, न थांबता. फोन करायचीही गरज पडली नाही. पंडितराव केबिनच्या खिडकीतून ओरडले ते कार्यालयापर्यंत ऐकू आलं.

आम्ही सगळे काट्याकडे गेलो. रांगेच्या आधी सरूबाईची गाडी, असं निकमसाहेबांनी स्वतः पुढे होऊन ट्रॅक्टरवाल्यांना सांगितलं. कुणी कुरकुर केली नाही, उलट माणसं मोळ्यांवरून उतरून काट्याभोवती जमली. भीमाने बायकोकडून किल्ली मागून घेतली आणि रिकामी गाडी काट्यावर चढवली. पंडितरावांनी गाडीचा नंबर टाकला. क्षणभर पडदा कोरा राहिला, आणि मग तिथे सकाळचं भरलेलं वजन उभं राहिलं, जसं होतं तसं. त्याखाली आताचं रिकामं. त्याखाली वजाबाकी.

मला फार आनंद झाला. धंद्यात मोठमोठे सर्व्हर उभे केले, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनं बघितली, पण एका रिकाम्या गाडीचा आकडा मी तीनदा वाचला, हे खरं आहे. संगीता मॅडमनी तोंड फिरवून डोळे टिपले. मॅडमची माझी फार वर्षांची ओळख, पण त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले. एक वजन राखण्यासाठी अख्ख्या कारखान्याला थोपवून धरायचं, तेही आवाज न चढवता, हे माझ्याच्याने झालं नसतं.

तेवढ्यात भीमाच्या मोबाईलवर काट्याकडून वजनाचा मेसेज वाजला. त्याने वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

निकमसाहेब अंदाजाने जे लिहून देत होते, त्यापेक्षा खरं वजन कमी भरलं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं कमी. आणि का भरू नये? साहेब हंगामातली सगळ्यात भारी खेप धरून लिहीत होते. आजची खेप रोजच्यासारखी होती.

मला तर जमिनीत जावंसं झालं. दुपारपासून एवढा खटाटोप केला, तो या बाईचं नुकसान करायला? भीमा तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "म्हनलं हुतं तुला."

निकमसाहेबही अवघडले. म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. अजून हरकत नाही. मी म्हणालो होतो तेवढंच धरू. माझ्या अधिकारात..."

"नगं सायेब," सरूबाई म्हणाली. तिने नवऱ्याच्या हातातला मोबाईल घेतला. तिला वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही, पण त्या आकड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग मोबाईल कमरेला खोचला आणि गाडीच्या साट्यावर चढून बसली.

"कमी हाय," ती म्हणाली, "पन आमचं हाय. चला, काढा गाडी. मागं लोकं थांबल्यात."